एसी जळाला आणि प्रश्न हिवाळ्याचा निघाला: एका घराचा प्रकरण अभ्यास

दोन मजली घर, क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस मीटर. तळघरात गॅसवर चालणारी फर्नेस, म्हणजे घराची हवा तापवणारी भट्टी, आणि तिच्यापासून प्रत्येक खोलीत हवा नेणारे पत्र्याचे डक्ट. उन्हाळ्यात याच डक्टमधून एसीचा गारवा यायचा, कारण एसीची कॉइल फर्नेसच्या डोक्यावर बसवलेली होती आणि पंखा दोघांत एकच होता. राहणारी माणसं चार: नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि नवऱ्याची आई. उन्हाळा तोंडावर आला आणि एसीचा कॉम्प्रेसर जळाला. यंत्र चार टनाचं, जुनं, आणि त्यातला आर-२२ हा उष्णता वाहून नेणारा गॅस ओझोनच्या थराला मारक म्हणून माँट्रियल करारानुसार बाद होत गेलेला. दुरुस्तीचा विषय तिथेच संपला.

तीन ठिकाणांहून कोटेशनं आली. पहिल्याने चार टनाच्या जागी चार टनाचा नवा एसी सुचवला: जसं होतं तसं, दोन दिवसांत काम. दुसऱ्याने एसीऐवजी हीट पंप लावा आणि फर्नेस आहे तशी राहू द्या, असं सांगितलं. तिसरा म्हणाला, फर्नेसच काढून टाका. मोठा हीट पंप घ्या आणि जोडीला डक्टमध्ये दहा किलोवॉटचा विजेचा हीटर. नवऱ्याचा कल पहिल्याकडे होता, बायकोचा तिसऱ्याकडे, कारण तिला घरातून गॅसची लाइनच घालवायची होती. आजींनी दोघांनाही ऐकवलं, "थंडीत मला ऊब पाहिजे. ती कुठून येते ते तुम्ही बघा."

घरांचं उष्णतेचं गणित मांडणं हे माझं काम, म्हणून तिन्ही कागद माझ्याकडे आले.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट मोकळी करून घ्यावी लागली. नवऱ्याच्या मनात एसी हे थंड करणारं यंत्र आणि हीट पंप हे गरम करणारं यंत्र, असे दोन वेगळे प्राणी होते. "आम्हाला उन्हाळ्यासाठी हवंय, मग हीट पंप कशाला?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. प्रत्यक्षात उन्हाळ्यात हीट पंप म्हणजे एसीच. तोच कॉम्प्रेसर, त्याच दोन कॉइल, तोच गॅस. आतली कॉइल घरातली उष्णता शोषते, बाहेरची ती बाहेर फेकते. हीट पंपात भर असते ती मुख्यतः उलट फिरवणाऱ्या व्हॉल्व्हची. चार तोंडांचा हा व्हॉल्व्ह सरकला की गॅसचा प्रवास उलटा होतो: बाहेरची कॉइल थंड होऊन बाहेरच्या हवेतून उष्णता ओढते आणि आतली कॉइल ती घरात सोडते. जोडीला बाहेरच्या कॉइलवरचं दव-बर्फ वितळवण्याची व्यवस्था आणि हिवाळ्यात कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा छोटा हीटर, एवढंच. फ्रिज आतल्या डब्यांतली उष्णता काढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो, तसंच इथे बाहेरच्या अंगणातून उष्णता काढून दिवाणखान्यात सोडायची. कल्पना नवी नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी इमारती अशा यंत्राने गरम किंवा थंड करता येतील हे १८५२ मध्येच मांडलं होतं.

त्यामुळे उन्हाळ्यापुरता तिन्ही कोटेशनांत तसा फरकच नव्हता. सारख्या दर्जाचा एसी आणि हीट पंप थंडावा देताना जवळपास सारखीच वीज खातात. ठरवायचं होतं ते हिवाळ्याचं. आणि हिवाळ्याचा निर्णय कॅटलॉग बघून होत नाही, त्या घराचे आकडे लागतात.

घराला किती उष्णता लागते

बहुतेक कंत्राटदार जुन्या यंत्रावरची पाटी वाचतात आणि तेवढ्याच क्षमतेचं नवं यंत्र सुचवतात. जुनं यंत्र ज्याने निवडलं त्यानेही बहुधा असंच काहीतरी केलेलं असतं, त्यामुळे चूक पिढीजात चालत येते. या घरातल्या फर्नेसची पाटी सांगत होती: ३० किलोवॉट गॅस आत, २४ किलोवॉट उष्णता बाहेर. म्हणजे कार्यक्षमता ८० टक्के, उरलेली उष्णता धुराड्यातून वर.

भिंती, खिडक्या, छत मोजून उष्णतेचा तोटा काढता येतो, पण राहत्या घराच्या बाबतीत गॅसचं बिल त्याहून खरं बोलतं. थंडीतला एक सरळ, सुट्ट्या न आलेला महिना निवडला. त्या ३१ दिवसांत बाहेरचं सरासरी तापमान ५ अंश होतं, घरात २० ठेवलेलं. गॅस जळाला २,९०० युनिट (वीज मोजतो तेच युनिट, म्हणजे किलोवॉट-तास). त्यातले साधारण २५० पाणी तापवणं आणि स्वयंपाक यांचे. उरलेल्या २,६५० पैकी ८० टक्के, म्हणजे २,१२० युनिट उष्णता घराला मिळाली. महिन्याचे तास ७४४, तेव्हा सरासरी २.८५ किलोवॉट.

माणसं, दिवे, चूल आणि खिडकीतलं ऊन मिळून घर फुकटात सुमारे तीन अंश वर राहतं, असं धरलं. मग फर्नेसला १७ अंशांपर्यंतच ढकलायचं होतं, म्हणजे बाहेरच्या ५ पासून १२ अंश. २.८५ भागिले १२, सुमारे ०.२४. बाहेर एक अंश थंडी वाढली की या घराला ०.२४ किलोवॉट उष्णता जास्त लागते. सगळ्या प्रकरणात हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी चालेल.

त्या भागात थंडीची जी पातळी हिशेबाला धरतात ती उणे ८ अंश. रात्री ऊन नसतं, सगळे झोपलेले असतात, म्हणून फुकटची उष्णता सोडून दिली: २८ गुणिले ०.२४, म्हणजे ६.७ किलोवॉट. चोवीस किलोवॉटची फर्नेस बसवलेल्या घराची खरी गरज सातच्या आत!

नवऱ्याचा यावर विश्वास बसेना. बसू नयेच. एका पद्धतीने आलेल्या आकड्यावर मीही विसंबत नाही. सुदैवाने त्यांचा थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान सांभाळणारा भिंतीवरचा नियंत्रक, फर्नेस कधी चालू-बंद झाली याची नोंद ठेवणारा होता. मागच्या हिवाळ्यातली सगळ्यात थंड रात्र काढली. बाहेर उणे ८, आणि पहाटेच्या तासांत फर्नेस तासाला साधारण १६ मिनिटं चालत होती. २४ किलोवॉट, ६० पैकी १६ मिनिटं: सरासरी ६.४. बिलाने जे सांगितलं तेच वेगळ्या वाटेने पुन्हा आलं. त्यानंतर वाद उरला नाही.

उन्हाळ्याचंही असंच. बाहेर ३८, आत २५, फरक १३ अंश. भिंती-छतातून येणारी उष्णता ३.१ किलोवॉट. पश्चिमेकडे दहा चौरस मीटर काच, संध्याकाळचं ऊन थेट आत: तिथून जवळपास चार. माणसं आणि उपकरणं एक, हवेतला दमटपणा काढायला आणखी एक. एकूण नऊ किलोवॉट. एक टन म्हणजे ३.५ किलोवॉट, तेव्हा अडीच टन पुरे. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून पडदे लावले, तर काचेतून येणारी उष्णता चारवरून सव्वाच्या आसपास उतरते आणि घर दोन टनांत बसतं. पडदा बाहेरूनच हवा. आतल्या पडद्यावर ऊन पडलं तर ते घरात येऊन चुकलेलं असतं.

मग चार टन कुणी बसवला होता आणि काय साधलं? थर्मोस्टॅटच्या नोंदीत उत्तर होतं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी एसी सहा-आठ मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा. कॉइल नीट थंड होऊन तिच्यावर जमलेलं पाणी निचऱ्याला लागेपर्यंत तेवढी मिनिटं निघून जातात. त्यामुळे तापमान उतरायचं, दमटपणा तसाच. "तेवीसवर लावला तरी अंगाला चिकटच लागतं," ही घरमालकीणबाईंची जुनी तक्रार होती आणि तिच्यावर उपाय म्हणून पहिला कंत्राटदार तेवढ्याच टनाचा नवा एसी देत होता.

तीन कागद, पुन्हा एकदा

दोन टनाचा इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा, हीट पंप घेतला तर हिवाळ्यात तो काय देतो? यासाठी कंपनीचं जाहिरातीचं पान उपयोगाचं नाही. त्यावरचा आकडा बहुतेक वेळा बाहेर ७ अंश असतानाचा असतो. तापमानानुसार क्षमता देणारा तांत्रिक तक्ता मागून घ्यावा लागतो, आणि जो विक्रेता तो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये, असं माझं सरळ मत आहे. या यंत्राचा तक्ता असा होता: ७ अंशांना ८ किलोवॉट, २ अंशांना ६.६, उणे ७ ला ६, उणे १५ ला ४.९. बाहेर जितकी थंडी, तितकी यंत्राची ताकद कमी आणि घराची भूक जास्त. दोन्ही रेषा उणे ५ च्या आसपास एकमेकींना छेदत होत्या. त्याहून जास्त थंडीत यंत्र एकटं पुरणार नाही. पण तासागणिक तापमानाच्या नोंदी पाहिल्या तर त्या गावात उणे ५ च्या खालचे तास हिवाळ्यात अगदी थोडे होते, बहुतेक पहाटेचे.

दुसरा आकडा सीओपीचा: एक युनिट वीज घेऊन यंत्र किती युनिट उष्णता घरात आणतं. ७ अंशांना ४, २ अंशांना ३.१, उणे ७ ला २.६, उणे १५ ला २.१. साध्या विजेच्या हीटरचा हा आकडा कायम १. एका युनिटातून अडीच-तीन युनिट कसे निघतात, हा प्रश्न नेहमी येतो. वीज उष्णता निर्माण करायला वापरलीच जात नाही, बाहेरून आत वाहून आणायला वापरली जाते. आत २० आणि बाहेर उणे ५ असेल तर भौतिकशास्त्राच्या नियमाने सीओपीची कमाल मर्यादा ११.७ निघते. प्रत्यक्षात एका कॉइलला खोलीहून बरंच गरम आणि दुसरीला बाहेरच्या हवेहून बरंच थंड व्हावं लागतं, कॉम्प्रेसर आणि पंख्यातही तोटा असतो, म्हणून हातात पावणेतीन येतात.

आता पैशाचा हिशेब, आणि त्याला किमती माहीत असण्याची गरज नाही, गुणोत्तर पुरतं. त्यांच्या बिलांत विजेचं एक युनिट गॅसच्या एका युनिटाच्या ३.२५ पट महाग होतं. फर्नेस गॅसच्या युनिटातून ०.८ उष्णता देते. ३.२५ गुणिले ०.८, बरोबर २.६. सीओपी २.६ च्या वर असेल तोवर हीट पंप स्वस्त, खाली गेला की फर्नेस स्वस्त. तक्त्यात २.६ उणे ७ ला आहे. म्हणजे जिथपर्यंत यंत्र एकटं घर सांभाळू शकतं तिथपर्यंत ते स्वस्तही पडत होतं.

इथे मी बायकोचा उत्साह थोडा कमी केला. संपूर्ण हिवाळ्यात घराला साधारण १२,६०० युनिट उष्णता लागते. फर्नेसने द्यायची तर गॅसचे १५,७५० युनिट. हीट पंपाने, डीफ्रॉस्ट (बाहेरच्या कॉइलवरचा बर्फ वितळवणं) आणि पंखा धरून सरासरी सीओपी ३.२ मानला, तर विजेचे सुमारे ३,९४०, म्हणजे किमतीच्या मानाने गॅसच्या १२,८०० युनिटांइतके. बचत पाचव्या हिश्शाहून जरा कमी. विक्रेते "बिल निम्म्यावर" म्हणतात तसं काही नाही. निम्म्याहून खाली बिल येतं ते ज्यांच्या घरी आधी साधे विजेचे हीटर असतात त्यांचं.

आणि फर्नेस नव्या पद्धतीची, धुरातल्या वाफेचंही पाणी करून तिची उष्णता काढून घेणारी, ९५ टक्क्यांची असती तर? ३.२५ गुणिले ०.९५, म्हणजे ३.१. मग २ अंशांच्या खाली गॅसच स्वस्त ठरला असता आणि अख्ख्या हिवाळ्याची बचत तीन-चार टक्क्यांवर आली असती. यंत्र तेच, घर तेच, गाव तेच, फक्त तळघरातली पेटी वेगळी आणि उत्तर बदललं. हीट पंप परवडतो का, या प्रश्नाला दुसऱ्याच्या घराचं उत्तर का चालत नाही, ते यातून दिसतं.

धुराचा हिशेबही बायकोने विचारला. गॅसचं एक युनिट जळताना सुमारे ०.२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा १५,७५० युनिटांचे ३,१५० किलो. तेवढंच काम विजेच्या ३,९४० युनिटांत होतं. विजेच्या एका युनिटामागे ०.८ किलोपेक्षा कमी धूर निघत असेल तर हीट पंप जिंकतो. निव्वळ कोळशाची वीज साधारण एक किलोच्या घरात असते, तिच्यावर तो हरेल. पवन, पाणी, सूर्य, अणू यांची भर असलेल्या विजेवर सहज जिंकतो.

तिसऱ्या कोटेशनचं काय? फर्नेस काढण्यात तत्त्वतः काही चूक नव्हती. उणे ८ ला यंत्र ५.९ देतं, घराला ६.७ लागतात. तूट जेमतेम एक किलोवॉटची, दोन-तीन किलोवॉटचा हीटर ती भरून काढेल. कंत्राटदाराने मात्र मोठा पंप आणि वर दहा किलोवॉटचा हीटर लिहिला होता, त्यासाठी घराचा मुख्य वीजजोड आणि पॅनल बदलावं लागणार होतं, आणि यंत्राच्या फरकाहून तो खर्च मोठा होता. शिवाय फर्नेस अजून काही वर्षं चालण्यासारखी होती. नवरा म्हणाला, "आणि वीज गेली तर गॅस आहेच की." नाही. फर्नेसचा पंखा, तिची ठिणगी, तिचं सर्किट सगळं विजेवर. वीज गेली की तीही थंड. हे ऐकून ते जरा खट्टू झाले, पण फर्नेस ठेवायची ती या भ्रमापोटी नको.

ठरलं ते दुसऱ्याच कागदावरचं, दुरुस्ती करून: दोन टनाचा हीट पंप, पश्चिमेला बाहेरून पडदे, फर्नेस कडाक्याच्या थंडीसाठी. साध्या एसीपेक्षा जास्त लागणारी रक्कम हिवाळ्याच्या बचतीतून पाच-सहा वर्षांत वसूल होत होती, आणि चार टनाऐवजी दोन टन घेतल्याने त्यातली बरीचशी आधीच वाचली होती.

साधा एसी कधी घ्यावा, हेही सांगून टाकतो. जिथे हिवाळ्यात खोली तापवावी लागतच नाही, किंवा वर्षाकाठी चार-दोन संध्याकाळ तापवावी लागते, तिथे उलटा फिरणारा व्हॉल्व्ह हा नुसता एक जास्तीचा सुटा भाग. विजेचं युनिट गॅसच्या चौपटीहून महाग आणि घरात नवी फर्नेस असेल, तिथेही घाई नको. बारा महिने चालणाऱ्या कॉम्प्रेसरची झीज फक्त उन्हाळी चालणाऱ्यापेक्षा जास्त होते, हेही खरंच. पण हिवाळा आहे, एसी तसाही बदलायचा आहे आणि तळघरात जुनी फर्नेस आहे, अशा घरात नुसता एसी का घ्यायचा याचं कारण मला कुणीतरी द्यावं.

बसवताना

वरच्या मजल्यावरची मुलीची खोली कधीच नीट थंड किंवा गरम होत नसे. सगळ्यांनी ते "कोपऱ्याची खोली आहे" म्हणून सोडून दिलं होतं. माळ्यावर चढलो, पंखा चालू ठेवला आणि डक्टच्या सांध्यांजवळून टिश्यू पेपरची एक पट्टी हळूहळू फिरवली. तिसऱ्या सांध्याशी पट्टी फडफडून आडवी झाली. दोन पत्रे एकमेकांतून निसटले होते, बोटं आत जातील एवढी फट, आणि आजूबाजूची धूळ हवेच्या झोताने पंख्याच्या आकारात झाडली गेलेली. मुलीच्या खोलीसाठी निघालेली हवा वर्षानुवर्षं माळा गरम करत होती. स्क्रू मारले, सांध्यावर मॅस्टिक, म्हणजे फटी बुजवणारा लेप, लावलं. कापडी डक्ट टेप नाव घेऊनही डक्टवर टिकत नाही, वाळून सुटते. हीट पंपाला हे जास्त बाधतं, कारण त्याची हवा कोमट असते आणि वाटेत गमावण्याइतकी उष्णता तिच्यात नसते.

कॉइल फर्नेसच्या वर असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. फर्नेसची तापलेली हवा कॉइलवर आली तर कॉइलमधल्या गॅसचा दाब नको तितका चढतो. म्हणून थर्मोस्टॅटला एक तापमान द्यायचं: त्याच्या वर हीट पंप, खाली फर्नेस. जुनी तांब्याची नळी बदलायचीच ठरवली. आर-२२ च्या जुन्या यंत्रात खनिज तेल असतं, नव्या आर-३२ ला वेगळं तेल लागतं, आणि नळीचा व्यासही जुळत नव्हता. आर-३२ किंचित ज्वलनशील आहे, त्यामुळे जोडकाम करणारा त्यातला शिकलेला हवा. त्याचा तापमानवाढीचा आकडा (कार्बन डायऑक्साइडचा १ धरून) ६७५, आधी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-४१०ए चा २,०८८.

बाहेरचं युनिट जुन्या एसीच्या जागी, मागच्या दाराच्या पायवाटेला लागून, थेट जमिनीवर बसवायचा बेत होता. तो बदलून घेतला. हिवाळ्यात बाहेरच्या कॉइलवर दव गोठतं, यंत्र ते वितळवतं आणि पाणी खाली सांडतं. तेच पाणी पायवाटेवर पुन्हा गोठलं तर सकाळी दूध आणायला निघालेलं माणूस आडवं होईल. युनिट घराच्या दुसऱ्या अंगाला, ३० सेंटिमीटर उंच स्टँडवर, खाली खडी टाकून बसवलं.

पहिला हिवाळा

तक्रार आजींकडून येणार हे मला ठाऊक होतं आणि ती आलीच. "यातनं गार वारा येतो हो."

वारा गार नव्हता. फर्नेस ५५ अंशांच्या पुढची हवा झोताने फेकायची आणि थोड्या वेळाने गप्प व्हायची. हीट पंप ३३-३४ अंशांची हवा संथपणे, तासन्‌तास सोडतो. अंगाच्या त्वचेचं तापमानही तेवढंच, त्यामुळे त्या तापमानाची हवा वाहती असेल तर गारच भासते. आजींची खुर्ची नेमकी जाळीच्या तोंडाशी होती, कारण फर्नेसच्या काळात तीच घरातली सगळ्यात उबदार जागा. जाळीच्या पट्ट्या भिंतीकडे वळवल्या, खुर्ची खिडकीपासून आत घेतली, पंख्याचा वेग एक पायरी उतरवला. खोलीत तापमापक ठेवला तो दिवसभर २० दाखवत राहिला. आजी त्यावर म्हणाल्या की पूर्वी ऊब कळायची, आता नुसती थंडी कळत नाही. त्यांना झोतासमोर हात शेकायची सवय होती आणि ती या यंत्रात भागत नाही, हे मान्य करायला हवं.

दुसरा गोंधळ डीफ्रॉस्टचा. बाहेर दोन अंश, हवेत धुकं, आणि युनिटच्या पत्र्यांवर पांढरा थर. थोड्या वेळाने बाहेरचा पंखा थांबला, व्हॉल्व्हचा सुस्कारा ऐकू आला आणि यंत्रातून वाफेचे लोट निघाले. शेजाऱ्यांनी आग लागली म्हणून फोन केला. काही मिनिटांत थर वितळून खाली पाणी पडलं, पंखा पुन्हा सुरू. यंत्र तेवढ्यापुरतं उलटं, म्हणजे एसीसारखं चालून स्वतःची बाहेरची कॉइल तापवतं. हा त्रास सर्वांत जास्त शून्य ते पाच अंशांच्या दमट हवेत होतो. कडक पण कोरड्या थंडीत हवेत पाणीच कमी, त्यामुळे बर्फही कमी.

खरी गडबड मात्र शांतपणे चालली होती. महिनाभराने बिल आलं तर गॅसचा वापर जेमतेम उतरलेला आणि वीज वाढलेली. नवऱ्याचा चेहरा "मी सांगत होतो" असा झाला. थर्मोस्टॅटची आतली सेटिंग्ज उघडली. बदलाचं तापमान ४ अंश. बसवणाऱ्याने कारखान्यातून आलेलं होतं तसं सोडून दिलं होतं. म्हणजे बाहेर ४ च्या खाली गेलं की हीट पंप बंद आणि फर्नेस चालू, आणि या गावातल्या हिवाळ्याचे भरपूर तास ४ च्या खालीच असतात. एवढं गणित करून घेतलेलं यंत्र बहुतेक रात्री नुसतं उभं होतं. आकडा उणे ५ केला.

तरीही रोज सकाळी फर्नेस पेटतच होती, बाहेर ६-७ अंश असतानासुद्धा. कारण घरच्या सवयीत सापडलं. रात्री तापमान पाच अंशांनी खाली आणायचं आणि सहाला पुन्हा वर चढवायचं, ही फर्नेसच्या काळातली काटकसर. मोठी फर्नेस पाच अंश चटकन चढवते. दोन टनाच्या पंपाला वेळ लागतो, आणि हवं ते तापमान आणि असलेलं तापमान यात मोठी तफावत दिसली की हा थर्मोस्टॅट मदतीला फर्नेस बोलावतो. रात्रीची घट दोन अंशांवर आणली. फर्नेस गप्प झाली.

त्यानंतरचा महिना योगायोगाने मोजमापाच्या महिन्यासारखाच गेला: बाहेरची सरासरी ५ अंश, आत २०. हीट पंपाने ६५० युनिट वीज घेतली. गॅस एकूण ३६०, त्यातले २५० पाणी आणि स्वयंपाकाचे, उरलेले ११० थोड्या कडक रात्रींचे. यंत्राचा सीओपी ३.१ निघाला, धरलेल्या ३.२ हून जरा कमी. महिना धुक्याचा होता, डीफ्रॉस्ट जास्त झाले. खर्चात बचत सुमारे १६ टक्के, अंदाज होता त्याच्या थोडी खाली. पुढच्या उन्हाळ्यात दोन टनाचं यंत्र संध्याकाळभर मंद गतीने चालत राहिलं आणि घरमालकीणबाई पंचवीसवर समाधानी होत्या. तेवीस लावायची गरजच पडली नाही.

आता राहिली फर्नेस. ती ज्या दिवशी मरेल त्या दिवशी दुसरी घ्यायची का, हा वाद घरात चालू आहे. माझा हिशेब त्यांच्याकडे कागदावर आहे: माळ्यावर आज पातळसर इन्सुलेशन आहे, ते जाड केलं आणि दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या, तर ०.२४ चा आकडा ०.२० वर येईल. मग उणे ८ ला घराला ५.६ किलोवॉट लागतील, आणि आहे तो हीट पंप त्या तापमानाला ५.९ देतो. काम फर्नेस चालू असेपर्यंतच उरकायला हवं. ऐन थंडीत ती बंद पडली तर मिळेल ती नवी फर्नेस घाईने बसवली जाईल, एसीच्या बाबतीत पहिल्या कोटेशनवर सही व्हायचीच बाकी होती तशी. बायकोने माळ्याच्या कामासाठी दर मागवले आहेत. नवरा म्हणतो, आधी आणखी एक हिवाळ्याची बिलं बघू.